बर्फावरच्या गळासाठी रॉड

हाडं मोडलेली कितीतरी माणसं आमच्या ह्यांनी लीड्सच्या हॉस्पिटलात उभी केली, आणि स्वतः आडवे झाले ते बोटभर माशापायी. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात कॉन्फरन्ससाठी फिनलंडला गेले, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासा काढला आणि वेड घेऊनच परतले. पुढच्या जानेवारीत आमच्याकडचंही पाणीपुरवठ्याचं तळं गोठलं. "आता बघच तू!" म्हणाले. मी बघतच होते. स्वतःच्या पायाखालच्या बर्फाला भोक पाडणारा नवरा मला सारखा दिसत होता.

शनिवारी गळांच्या दुकानात गेलो. दुकानदार यॉर्कशरचा म्हातारा, शब्द जपून वापरणारा. ह्यांनी आधी दोन पुरुष लांबीचा रॉड उचलला.

"हा कशाला? घरूनच गळ टाकणार?" मी विचारलं.

मग त्यांनाच उमगलं. भोकाशी वाकून बसायचं, तर रॉड हातभर हवा, आणि शेंडा इतका मऊ की थंडीनं सुस्तावलेल्या माशानं नुसतं हुंगलं तरी हलावा. इंग्लंडात तसला रॉड कोण ठेवतो? म्हाताऱ्यानं मोडक्या रॉडचा शेंडा बुचाच्या मुठीत बसवून दिला. दोरा गुंडाळायच्या रिळांची तर तपासणीच झाली. ह्यांनी जाड हातमोजे चढवले, डोळे मिटले आणि पेशंटचा गुडघा वाकवून बघावा तशी सहा रिळं फिरवून पाहिली. नाजूक स्प्रिंगांची सगळी बाद. आत थेंबभर पाणी गोठलं की संपलं. उरलं एक साधं, चाकासारखं, हातमोज्यातूनही पकडता येईल अशा मुठीचं.

"कुठं नेताय?" म्हाताऱ्यानं विचारलं. ह्यांनी सांगितलं. त्याचे पुडकं बांधणारे हात थांबले.

"डॉक्टर, त्या तळ्याचं पाणी रोज खालीवर होतं. वरून बर्फ अखंड दिसतो. नसतो."

"अहो, विकणाराच नको म्हणतोय!" मी मराठीत कुजबुजले.

"तू घाबरट आहेस."

"आहेच. पांढरं नेसून मी अजिबात चांगली दिसत नाही."

रविवारी दुपारी काठावर आम्ही दोघंच. कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली, ह्यांच्या हातातलं गिरमिट पाहिलं, कुत्र्याचा पट्टा आखूड केला आणि निघून गेली. बर्फ मधूनच कण्हल्यासारखा आवाज करत होता. हे चार पावलं आत गेले, वाकले, आणि मग आठवलं. देवाला न मानणारा हा माणूस, पण नवी वस्तू नारळाशिवाय वापरणार नाही. वॉशिंग मशिनपुढेसुद्धा फोडला होता.

"नारळ आणलास ना?"

"आणलाय. पण पूजा बूट घालून करायची नाही."

"बर्फावर बूट काढू?"

"छे! इकडे या, काठावर काढा."

चडफडत आले. बूट काढले, रिळाला कुंकू लावलं. मी फोडायला दगड पुढे केला.

"दगड कशाला? हाच दगड आहे, बघ!" म्हणत त्यांनी काठावरूनच नारळ भिरकावून आपटला तो थेट बर्फावर, मघाशी वाकले होते तिथे.

फुटल्याचा आवाज आलाच नाही. नारळ गेला आणि तिथे काळं भोक राहिलं. त्यातून पाणी हळूच वर आलं, बर्फावर पसरलं. नारळही वर आला, पण भोकातून नाही. हातभर पलीकडे, बर्फाच्या खालून. काचेमागचं डोकं दिसावं तसा, शेंडी वर करून, बर्फाला टेकून राहिला. मग सरकत सरकत आत निघाला.

हे मोज्यांवर उभे होते. मी त्यांची बाही दोन्ही हातांनी धरली होती. कधी धरली, कळलंही नव्हतं.

"बूट घाला," मी म्हणाले.

"हो," हे म्हणाले, पण नारळ दिसेनासा होईपर्यंत हलले नाहीत.