दुसरी आणि चौथी मात्रा

शनिवारी सकाळी डेटनच्या वेस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या पार्लरमध्ये अर्डेला मेह्यू खुर्चीत बसली, की कुणीतरी मुद्दाम विचारतं, "मिस अर्डेला, जॅझ कुठे शिकलात तुम्ही?"

उत्तर सगळ्यांना पाठ आहे. तरी ऐकायचं असतं.

"क्लीव्हलंडच्या एका गोऱ्या पोराकडून," अर्डेला म्हणते. "त्याचे काका लग्नात नाचायला पोल्का वाजवायचे."

ड्रायरखालच्या बायका हसतात. नवी आलेली एखादी म्हणते, "चेष्टा करताय. आपल्या काळ्या लोकांना जॅझ कुणी शिकवायला लागतं होय?"

"तुला नसेल लागत, बाई," अर्डेला म्हणते. "मला काडीचं येत नव्हतं."

हे खरं आहे. डेटनमधल्या शाळांतून तिने उभा जन्म मुलांना संगीत शिकवलं. निवृत्त झाली तरी रविवारी दुपारी जेफरसनच्या खाणावळीत तळलेल्या माशांच्या वासात ती पियानो वाजवते, आणि बोटं सुजली असली तरी तिचा डावा हात ऐकायला लोक लांबून येतात. पण १९६२ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती मक्याच्या शेतांमधल्या ग्रेंजर कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाली तेव्हा तिला युरोपातलं शास्त्रीय संगीत, म्हणजे बाख येत होता, शूबर्ट येत होता, चर्चमधली स्तोत्रं येत होती. बाकी काही नाही. त्याला कारण तिची आई.

मिसेस मेह्यू शाळामास्तरीण होत्या. नवरा लवकर गेलेला. दक्षिणेतल्या अलाबामातून तरुणपणी त्या उत्तरेला आल्या त्या पाठीमागचं दार लावूनच आल्या. तिकडच्या लाकडी चर्चबद्दल, तिथल्या गाण्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. डेटनमध्ये त्यांनी असं चर्च निवडलं जिथे लोक बसून गात आणि घाम येत नसे. घरात रेडिओवर तसलं काही लागलं की त्या उठून बंद करत. घराबाहेर त्यांच्या हातात पांढरे हातमोजे असत. उन्हाळ्यातही.

कॉलेजात अर्डेला धरून काळ्या मुली तीनच होत्या. तिला एकटीला खोली दिली होती, "सोयीसाठी" असं म्हणून. कुणाची, ते सांगितलं नव्हतं. कुणी वाईट वागत नसे. जेवणघरात ती बसली की टेबलावर सगळे फार नीट बोलू लागत, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसे. ती नीटपणाची थंडी तिला बर्फापेक्षा जास्त बोचायची.

ऑक्टोबरात एक उंच, काटकुळा मुलगा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नॉर्बर्ट झुपान. गणिताचा विद्यार्थी. तो बास वाजवायचा, माणसाहून उंच असतं ते लाकडी वाद्य.

"आमचं त्रिकूट आहे, जॅझचं," तो म्हणाला. "म्हणजे मी आणि ड्रमवर वेंडेल. आणि आता तू."

"मी?"

"पियानोवर. तुला तर..." आणि तो थांबला.

तुला तर येतच असेल. ते वाक्य दोघांच्या मधे टेबलावर पडलं, मिठाच्या बाटलीशेजारी. अर्डेलाने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर त्यांना वाटतं तशी ती नव्हती, हे कबूल करावं लागणार. हो म्हणावं तर ती तशीच ठरणार. एकोणिसाव्या वर्षी माणूस यातलं जास्त अवघड ते निवडतो.

"कधी यायचं?" ती म्हणाली.

जुन्या व्यायामशाळेच्या सामानाच्या खोलीत एक पियानो होता. रविवारी दुपारी ते तिथे जमले. नॉर्बर्टने चार मात्रा मोजल्या, अर्डेलाने वाजवायला सुरुवात केली. तिने प्रत्येक सूर जागच्या जागी ठेवला, धुतलेल्या बशा मांडाव्यात तसा. शेतकऱ्याच्या घरचा वेंडेल, ज्याच्या पंथात घरी वाद्यच ठेवत नसत, तो ड्रममागून आदराने बघत राहिला. त्याला वाटलं, हा काहीतरी फार पुढचा प्रकार असणार.

नॉर्बर्टने वाजवणं थांबवलं. "बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"मग हे काय होतं?"

तिने पियानोच्या पिवळ्या पट्ट्यांवरून हात काढले. "मला येत नाही," ती म्हणाली.

"येत नाही? मग हो का म्हणालीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

नॉर्बर्ट कानांपर्यंत लाल झाला. "मला वाटलं..."

"हो. काय वाटलं ते मला माहीत आहे."

वेंडेलने आधी तोंड दाबलं, मग त्याच्या हातून काठी पडली, आणि मग तो हसू लागला. त्याचं हसणं थांबेना. नॉर्बर्ट हसला. शेवटी अर्डेलाही. कॉलेजात आल्यापासून ती पहिल्यांदा कुणासमोर दात दिसेपर्यंत हसली.

नॉर्बर्ट तिला शिकवू लागला. तो स्वतः तबकड्या ऐकून शिकलेला. एकच ओळ पुन्हा पुन्हा लावायची, सुई घासून जाईपर्यंत. "मोज. चार मात्रा," तो म्हणायचा. "जोर पहिलीवर नको. दुसरीवर आणि चौथीवर. पहिलीवर नुसतं दार उघड, आत ये दुसरीला."

"आणि तू काय करतोस? तुझा बास लग्नातल्यासारखा वाजतो. धुम-ताक, धुम-ताक."

"वाजणारच. नवव्या वर्षापासून लग्नांतच वाजवतोय." त्याचे काका अ‍ॅकॉर्डियन वाजवत, गळ्यात अडकवायची ती पेटी. तिसऱ्या ग्लासानंतर ते मधेच एखादी मात्रा खाऊन टाकत, नाहीतर एखादी जास्तीची घालत. "आपण न अडखळता त्यांच्या मागे उडी मारायची," नॉर्बर्ट म्हणाला. "नवरीला कळता कामा नये. आमच्याकडे हेच शिक्षण."

रियाझाला बास न्यावा लागे वसतिगृहापासून व्यायामशाळेपर्यंत. काळी मुलगी आणि गोरा मुलगा बरोबर चालले की रस्त्यावरची माणसं वळून बघत, मोटारी हळू होत. पण दोघांनी बासची दोन टोकं धरली की कुणी बघत नसे. ओझं वाहणारी माणसं कुणाला दिसत नाहीत. मग ते गरज नसतानाही बास घेऊन हिंडू लागले. ग्रंथालयात, टपाल कचेरीत, एकदा तर आइस्क्रीम खायला. दुकानदाराने विचारलं, "हे पण खातं का?"

"व्हॅनिला," अर्डेला म्हणाली.

तरी दुसरी-चौथीवरचा तो जोर बोटांत उतरेना. मोजून बरोबर यायचं, पण मोजलेलं ऐकू यायचं. मग नाताळात ती घरी गेली. दुपारी आई स्वयंपाकघरात इस्त्री करत होती, ओठ मिटून काहीतरी गुणगुणत होती, सूर नसलेलं. अर्डेला शेजारच्या खोलीत वाचत पडली होती. इस्त्री कापडावरून सरकायची, आणि फळीवर टेकायची. सरकायची, टेकायची. अर्डेलाने पुस्तक छातीवर ठेवलं. गुणगुणण्याच्या हिशेबाने इस्त्री कधीच पहिल्या मात्रेवर टेकत नव्हती. दुसऱ्या. चौथ्या. दुसऱ्या. चौथ्या. हा आवाज तिने जन्मभर ऐकला होता, आणि त्याला घरकाम समजत आली होती.

जानेवारीत तिने वाजवलं तेव्हा नॉर्बर्टचा हात थबकला. "कुठून आणलंस?"

"इस्त्रीतून," ती म्हणाली. त्याने पुन्हा मात्रा मोजायला घेतल्या.

एप्रिलात पालकांचा दिवस आला. दुपारी सभागृहात अर्डेला शूबर्ट वाजवणार होती, आणि त्यानंतर त्रिकूट. आईला तिने फक्त शूबर्टचं कळवलं होतं. त्रिकुटाचं ती आल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. पण फाटकातच कॉलेजच्या अध्यक्षांची बायको मिसेस मेह्यूंचे दोन्ही हात हातात घेऊन उभी होती.

"तुमच्या मुलीचं जॅझ ऐकायला आम्ही किती उत्सुक आहोत. अर्थात, तुमच्या रक्तातच असतं ते."

"असं का," मिसेस मेह्यू म्हणाल्या.

झाडाखालच्या बाकावर त्या ताठ बसल्या. अर्डेला समोर उभी राहिली.

"ही बाई काय म्हणाली, ऐकलंस?"

"हो, मॅम."

"या लोकांना आपल्याबद्दल जे आधीपासून ठाऊक आहे असं वाटतं, ते खरं करून दाखवायला तुला इथे पाठवलेलं नाही मी. घरात शूबर्ट यावा म्हणून दुसऱ्यांच्या किती पोरांना शिकवण्या दिल्या, विचार कधी मला."

"त्यांच्यासाठी नाही वाजवत मी, आई. मला आवडतं. शिकायला फार जड गेलं, म्हणून जास्त आवडतं."

"शिकायला?" मिसेस मेह्यूंनी हातमोज्याची एक सुरकुती सरळ केली. "मी शूबर्ट ऐकेन. मग चारच्या बसने घरी जाईन. तुला जे करायचं ते कर. मला बघायला लावू नकोस."

अर्डेलाने शूबर्ट कसा वाजवला तिला आठवत नाही. चांगला वाजला असावा, कारण टाळ्या झाल्या. मग नॉर्बर्टने बास आत आणला, वेंडेलने खुर्ची पुढे ओढली. त्या गडबडीत तिने सभागृहाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या रांगेतली आईची खुर्ची रिकामी दिसली असती, तर डावा हात उठला नसता, एवढं तिला कळत होतं.

सुरुवात छान झाली. इतकी, की लोकांना राहवेना. मक्याच्या गावातली ती भली माणसं, पालक, प्राध्यापक, सगळे ठेक्यात टाळ्या वाजवू लागले. आणि सगळे वाजवू लागले पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. परेडसारख्या. धप्. धप्. सगळं सभागृह मिळून त्या सुरांना जमिनीत खुंटीसारखं ठोकत होतं. वेंडेल त्या टाळ्यांकडे ओढला जाऊ लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले. आणखी दोन ओळी, आणि सगळं कोसळणार होतं.

तेव्हा तिने मान वर केली, पळायचं दार बघावं तशी.

तिसऱ्या रांगेत आई होती. ताठ बसलेली, ओठ मिटलेले, नजर समोर. हातमोजे मांडीवर घडी करून ठेवलेले. आणि तिचे उघडे हात एकमेकांवर पडत होते, सगळ्या सभागृहाच्या उलट, एकटे. दुसऱ्या मात्रेवर. चौथ्या मात्रेवर. आवाज ऐकू येत नव्हता. येण्याची गरज नव्हती.

अर्डेलाला हसू फुटलं. बोटं हलकी झाली. एवढ्या माणसांना थांबवून शिकवता येणार नव्हतं. आईला तर त्यांच्याकडे नेणं शक्यच नव्हतं. मग तिने नॉर्बर्टला हाक मारली, "काका!"

नॉर्बर्टने डोळे उघडले. तिने चार मात्रांच्या आवर्तनात एक जास्तीची घातली. पाचवी. नॉर्बर्टने न अडखळता मागे उडी मारली, आणि वेंडेलला त्याने बासच्या मानेने ढकललंच जणू. लोकांना काही कळलं नाही. ते आपले होते तसे वाजवत राहिले, धप्, धप्, फक्त त्यांच्या पायाखालची जमीन एक मात्रा सरकली होती आणि आता ते सगळे बरोबर जागी होते. दुसरीवर, चौथीवर. सभागृह एकदम उचललं गेलं. लोक एकमेकांकडे बघून हसू लागले, आपल्याला हे कसं जमलं म्हणून.

सगळ्या हातांत एकच जोडी त्या क्षणी थांबली होती. जास्तीची मात्रा आली तेव्हा मिसेस मेह्यूंचे हात हवेत राहिले, तिला जाऊ दिलं, आणि मग सगळ्यांबरोबर खाली आले.

नंतर बाहेर हिरवळीवर अध्यक्षांची बायको पुन्हा आली. तिचे तळवे लाल झाले होते. "मी म्हटलं नव्हतं? रक्तातच."

"नाही हो," मिसेस मेह्यू म्हणाल्या. "ती शिकली. तुमच्याच कॉलेजात. त्या मुलाकडून." आणि त्यांनी बोट दाखवलं. अध्यक्षांची बायको नॉर्बर्टकडे वळली. नॉर्बर्टने टोपी नसताना टोपी काढायचा प्रयत्न केला.

"कसं वाटलं, मिसेस मेह्यू?" त्याने विचारलं.

"तरुण माणसा, तुझा बास जरा लग्नातल्यासारखा वाजतो."

"हो, मॅम. सगळे म्हणतात."

मग त्या मुलीकडे वळल्या. "एक जास्तीची घातलीस."

"कळलं तुला?"

"आमच्या तिकडे सिस्टर युला घालायची, सगळं चर्च पहिलीवर घसरलं की. म्हातारी, एका डोळ्याने आंधळी. पाद्रीबाबांना वाटायचं देवानेच सावरलं."  अलाबामाबद्दल आईच्या तोंडून अर्डेलाने ऐकलेलं ते पहिलं बोलणं.

"आई, चारची बस गेली."

"मला घड्याळ कळतं."

नॉर्बर्टने बास आडवा केला. वेंडेल ड्रम घेऊन पुढे गेला होता. अर्डेलाने सवयीने खालचं टोक धरायला हात पुढे केला, पण तिथे आधीच एक हात होता. हातमोजे पर्समध्ये गेले होते.

"तू मधे धर," मिसेस मेह्यू म्हणाल्या. "आणि पाय सांभाळून टाका, मी या बुटांत पळणार नाही."

सगळ्या पालकांमधून, रुंद वाटेने, ते तिघं बास घेऊन निघाले. या वेळी माणसं वळून बघत होती. अर्डेलाला मागून ओठ मिटून गुणगुणणं ऐकू येत होतं, सूर नसलेलं, आणि आईच्या टाचा वाटेवर कुठे पडतायत ते तिला मागे न बघताच कळत होतं.