आभाराचं पान

"आली बाटलीवाली," हे दत्तूतात्यांचं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. तेही मला नाही, समोरच्या पाण्याच्या टाकीला सांगितलेलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, एका हातात नमुन्याच्या बाटल्यांचा बर्फाचा डबा आणि दुसऱ्या हातात कॉलेजचं पत्र घेऊन उभी. पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.चं दुसरं वर्ष, प्रबंधाचा विषय सांडपाणी शुद्धीकरण, आणि हा माणूस मला बाटलीवाली म्हणतो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

महाळुंग्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलाचा तो प्लांट. पाच उंच इमारतींचं सांडपाणी तिथे यायचं. टाक्यांमध्ये हवा सोडून घाण खाणारे जिवाणू जगवायचे, गाळ खाली बसवून पाणी स्वच्छ करायचं आणि मग पाइपाने खाली ओढ्याकडे सोडायचं, असं ते काम. तात्या तिथले चालक. जमीन मुळात त्यांचीच. विकताना ‘घरातल्या एकाला नोकरी’ अशी अट घातली होती. मुलगा हिंजवडीला कॅब चालवायचा, म्हणून साठीला टेकलेले तात्या स्वतःच कामावर लागले. वर कंपनीचा निळा शर्ट, खाली आपला लेंगा, डोक्यावर टोपी. प्लांटच्या कुंपणापलीकडे, उताराला, न विकलेलं एक भातखाचर उरलं होतं. त्यात ते अजून इंद्रायणी लावायचे.

टाकीच्या कडेला उकिडवं बसायचं, ओंजळभर पाणी नाकाशी न्यायचं, ही त्यांची तपासणी. "मातीचा वास आला पायजे. अंड्याचा आला की समजायचं, आतलं मेलं." हेही मला नाही, मोटारीला सांगितलेलं. मी एकदा मीटर बुडवून आकडा मोठ्याने वाचून दाखवला तर म्हणाले, "तुज्या डबड्याला नाक हाय का?" मी म्हटलं, "तुमच्या नाकावर आकडे उमटतात का?" झालं! त्यानंतर मी आले की पत्र्याच्या शेडपुढची एकुलती एक खुर्ची ते उचलून आत ठेवायचे आणि दाराला कडी घालायचे. चार महिने, दर मंगळवारी, मी उन्हात उभ्याने काम केलं. त्यांनी एकदाही पाणी विचारलं नाही, आणि घशाला कोरड पडून मेले असते तरी मी मागितलं नसतं.

आकडे मात्र सुरेख येत होते. मंगळवारचा नमुना बर्फात घालून बसने कॉलेजला न्यायचा, तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवायचा, शुक्रवारी उत्तर: बाहेर पडणारं पाणी एकदम स्वच्छ. माझ्या गाईड मॅडम खूश. "अगं, पुस्तकातसुद्धा इतका चांगला प्लांट नसतो!" म्हणाल्या. तिथेच शंका यायला हवी होती. ती आम्हा दोघींपैकी एकीलाही आली नाही. उलट मी मनाशी पक्कं केलं की असल्या खडूस, अडाणी माणसाच्या हातातही प्लांट चालतोय म्हणजे त्याची रचनाच उत्तम. आणि प्रगती अहवालात तसं लिहूनही टाकलं: ‘चालक अकुशल आणि अप्रशिक्षित असूनही प्रकल्पाची कामगिरी उत्कृष्ट.’ परवानगीच्या अटीप्रमाणे त्याची एक प्रत संकुलाच्या मॅनेजरला दिली.

पुढच्या मंगळवारी गेले तर तात्या फाटकातच उभे. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"अकुशल म्हंजे काय गं?"

मी बर्फाचा डबा खाली ठेवला.

"मॅनेजरनं वाचून दावलं. वॉचमन हुते, माळीकाम करनाऱ्या बाया हुत्या. समद्यांफुडं म्हनला, तात्या, कॉलेजच्या मॅडमनी लिहून दिलंय, तुम्हाला काही येत नाही, आता पगारवाढ विसरा. साठ वरसांत मला असं कुनी बोललं न्हाई."

"तात्या, ते तसं नसतं, ती एक लिहायची पद्धत…"

"हात धू."

त्यांनी लेंग्याच्या खिशातून साबणाची वडी काढली आणि स्वच्छ पाण्याच्या टाकीचा नळ सोडला. म्हणजे मी ज्यातून दर मंगळवारी बाटली भरायचे तोच नळ. मी हात चोळले. फेस येईना. चोळचोळ चोळले, नुसती पांढरी साय हाताला चिकटून राहिली. मग वॉचमनच्या केबिनपाशी नेलं, तिथल्या नळाखाली हात धरायला लावले. भसाभसा फेस.

"हे पानी कुटलं?"

"धरणाचं. सगळ्या फ्लॅटना येतं ते."

"मऊ हाय का जड?"

"मऊ."

"लोक हेच वापरत्यात. हेच गटारात, हेच माज्या टाकीत. मग टाकीतनं भाईर पडताना जड कसं झालं? सांग की. तू कुशल हायेस."

कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मला पुढे बरेच प्रश्न विचारले गेले, पण पायाखालची जमीन सरकली ती त्या दिवशी. पाण्यातले क्षार मोजायचं मीटर पिशवीत होतं. प्रबंधाच्या यादीत नाही म्हणून चार महिन्यांत एकदाही बाहेर काढलेलं नव्हतं. काढलं. येणाऱ्या सांडपाण्यापेक्षा ‘स्वच्छ’ झालेल्या पाण्यात दुपटीहून जास्त क्षार. शुद्धीकरणात क्षार वाढत नाहीत, हे पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल.

"हे बोअरचं पाणी आहे," मी म्हटलं.

"व्हय. दर मंगळवारी सकाळी आठला मॅनेजरचा फोन येतुया. टाकी रिकामी करायची, बोअरिंगनं भरायची. ईज वाचवाया म्हून बाकीचं दिवस हवेची मोटार बंद. वॉल्व मीच फिरवतुया."

मी किंचाळलेच. "आणि चार महिने तुम्ही गंमत बघत बसलात? माझं वर्ष वाया गेलं, तात्या! तोंड शिवलं होतं का?"

"तू कवा इचारलंस? तू बाटलीला इचारलंस."

मी त्यांना म्हटलं, उद्या येते, परवा येते, खरे नमुने घेऊ द्या. ते म्हणाले, आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. "माजी नोकरी जाईल. सुनंचं बाळंतपन तोंडावर हाय. तुजं काय, तू आज हितं, उद्या अमेरिकेला." मी अमेरिकेला नाही, बार्शीला जाणार होते, पण तेव्हा ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी बर्फाचा डबा उचलला आणि जाता जाता जिव्हारी लागेल असंच बोलले: "तो पाइप तुमच्याच खाचरात उतरतो ना? खा मग तो भात."

मी फाटकाबाहेर पडल्यावर पाठीमागून आवाज आला, "ए बाटलीवाली! पायप खाचरात येतुया. तितं मॅनेजरचा बाप बी मालक न्हाई. तितं मी मालक हाय." आणि ते शेडमध्ये निघून गेले. या, असं काही म्हणाले नाहीत.

पुढचे दोन महिने मी सोमवार ते शनिवार, मंगळवार सोडून, त्यांच्या बांधावर उभी राहून पाइपाच्या तोंडातून नमुने घेतले. तात्या जेवायच्या सुटीत खाली यायचे, भाकरी खात बसायचे आणि माझ्या प्रत्येक हालचालीला नावं ठेवायचे. "पयला लोंढा सोडून दे, पायपातलं शिळं असतंय. एवडं बी शिकवत न्हाईत व्हय कालिजात?" मी बाटली बदलायचे. त्यांचं बरोबर असायचं, म्हणून अजूनच राग यायचा. पाणी काळसर, वास अंड्याचा. पाइपाजवळच्या चार ओळींमधला भात नुसता हिरवागार माजला होता आणि आडवा झाला होता, दाण्याचा पत्ता नाही. ते तिकडे पाठ करून बसायचे. एकदा मी माझ्या डब्यातली चटणी पुढे केली तर म्हणाले, "ठेव तुज्याजवळच." आमच्यात मैत्री झाली असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे.

प्रबंध बदलला. मंगळवार आणि इतर वार, असे दोन तक्ते समोरासमोर ठेवले. गाईड मॅडम आधी हादरल्या, मग खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या. माझ्या मनात मात्र तो ‘अकुशल’ शब्द काट्यासारखा रुतला होता. म्हणून आभाराच्या पानावर मी तात्यांचं पूर्ण नाव घातलं आणि लिहिलं: ‘अत्यंत कुशल चालक. मंगळवारची खरी गोष्ट यांनी दाखवली आणि आपल्या शेतातून नमुने घेऊ दिले.’ तीनदा लिहून सुधारलेलं वाक्य. मॅडमनी विचारलं, "नाव घालायचं, हे त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, "त्यांना आवडेल, मॅडम." विचारलं नव्हतं.

आणि अटीप्रमाणे एक प्रत संकुलाकडे गेली. जाडजूड प्रबंधातले तक्ते, आलेख कोण वाचतो? मॅनेजरने आभाराचं पान वाचलं.

मी पदवी घेऊन, प्रबंधाची एक बांधीव प्रत तात्यांसाठी घेऊन गेले तेव्हा प्लांटवर दुसराच माणूस होता. वॉचमन म्हणाला, "उनको तो निकाल दिया, मॅडम. उसी दिन." मी तशीच त्यांच्या घरी गेले. आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तात्या उंबऱ्यात आले, तिथेच उभे राहिले. मला आत बोलावलं नाही.

"अजून एक आनलंयस व्हय लिवून?"

"तात्या, मला वाटलं तुम्हाला मान मिळेल."

"मान? कुनाफुडं? तुज्या कालिजात मला कोन वळखतंय? मला हितं वळखत्यात. आन् हितं वाचला त्यो मॅनेजरनं."

"मी तक्रार करते. मी त्याच्याशी बोलते…"

"आगं गप! पयल्यांदी लिव्हलंस तवा चार मानसांत माजी लाज काढलीस. दुसऱ्यांदी लिव्हलंस तवा माजी नोकरी घालवलीस. शिव्या दे, मार, पन हात जोडतो, माज्यावर काय बी लिवू नगंस."

त्यांनी खरंच हात जोडले. मला कुठे बघावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पाइप?"

"वाढवला त्येंनी. आता माज्या खाचरात येत न्हाई. खाली वड्यात सोडत्यात."

"आणि पाणी?"

"तसंच हाय. तुला डिगरी भेटली न्हवं?"

"भेटली."

"मग जा की." आणि त्यांनी दार लावून घेतलं. प्रत माझ्याच हातात राहिली.

आता मी अशाच प्रकल्पांच्या तपासण्या करते. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी चालकाशेजारी बसते आणि इतर दिवशी काय होतं ते विचारते. काही सांगतात, काही हाकलून देतात. तात्यांना मी माफ केलेलं नाही. चार महिने स्वतःच्या हाताने वॉल्व फिरवून त्यांनी मला मूर्ख बनवलं, त्याचा राग आजही येतो. त्यांनी मला माफ करायचा तर प्रश्नच नाही. मध्यंतरी महाळुंग्याच्या बाजारात समोरासमोर आलो, तर त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तोंड फिरवून गेले.

त्यांनी हात जोडून नको म्हटलं होतं, तरी मी हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. या वेळी नाव बदललंय, घरचा तपशील बदललाय, आणि आभार मानलेले नाहीत.