आई उपाशी नव्हती

आई अकोल्याला भावाकडे राहायची. तिची सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. आसपासच्या खेड्यांतली माणसं अजूनही तिला 'नर्सबाई' म्हणून नमस्कार करतात. ती खोटं बोलेल, हे माझ्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाज दबका. "तुई वहिनी मले जेवाले देत नाई. कालपासून उपाशी आहो मी."

मी अमरावतीला शाळेत शिकवते. शाळा सुटताच भावाला फोन केला. तो म्हणाला, "अवं, आत्ताच जेवली ते माह्यासमोर." मला वाटलं, बायकोला सांभाळून घेतोय. त्यानंतर कितीतरी महिने मी वहिनीशी बोलले नाही, तिचे फोन उचलले नाहीत. मावशीच्या घरी कार्यक्रम होता, तिथं वहिनी पंगतीत वाढत होती. मी चारचौघींत म्हणाले, "सासूला दोन घास घालायचे काहींच्या जिवावर येतं." हातातली भाताची परात खाली ठेवून ती आत निघून गेली.

दिवाळीनंतर मी आईला अमरावतीला आणलं. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी शाळेतून आले, तर शेजारच्या काकू दारातच उभ्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजी आल्या होत्या, भूक लागली म्हणून. पोरगी खायाले काईच ठेवत नाई, म्हणत होत्या."

मी घरात शिरले. सकाळी झाकून ठेवलेलं वरण-भात, वांग्याची भाजी, सगळं संपलेलं होतं. आई खाटेवर बसली होती.

"आई, जेवलीस ना?"

"कोण देते मले?"

ती कांगावा करत नव्हती. तिला खरोखरच उपाशी असल्यासारखं वाटत होतं. मी तिथेच जमिनीवर बसले.

डॉक्टरांनी तपासून स्मृतिभ्रंश सांगितला. बरा होणार नाही, हेही सांगितलं. मावशी माझ्यावरच रागावली, "डोक्याच्या डॉक्टरकडे काहून नेलं? लोक पागल म्हणतीन तिले. म्हातारपणी होतेच असं." हेच ऐकवून घरच्यांनी वहिनीलाही गप्प केलं होतं. आईला दाखवू या, असं ती वर्षभरापासून म्हणत होती, ते मला भावाकडून तेव्हा कळलं.

रविवारी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी अकोल्याला गेले. वहिनी मेथी निवडत होती.

"वहिनी, चुकलं माझं."

तिनं मान वर केली नाही. "ताई, मी कितीदा फोन केला तुमाले." खुडलेली पानं तिनं बाजूला सारली. मग म्हणाली, "त्यायचं जेवण झालं का ताट लगेच उचलत नका जाऊ. उष्टं ताट समोर दिसलं, का त्यायले पटते जेवल्याचं."

मला रडू आलं. तिला आलं नाही.

आता आई काही महिने तिच्याकडे असते, काही महिने माझ्याकडे. मावशीकडे त्या दिवशी ज्या बायका होत्या, त्या प्रत्येकीला मी फोन करून आईचा आजार सांगितला आणि वहिनीचा काही दोष नव्हता, हेही. आई माझ्याकडे असली, की वहिनी रोज संध्याकाळी फोन करते. आई झोपली का, गोळी घेतली का, विचारते. माझ्याबद्दल अजून काही विचारत नाही. मीही घाई करत नाही.