प्रसादाच्या पिशवीतलं पत्रक

आमच्या पत्त्यात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अल्फारेटा होतं, पण आम्ही अल्फारेटात राहत नव्हतो. गावाची हद्द आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, थोडी अलीकडेच संपायची. पुढचा भाग कुठल्याच शहरात नव्हता. तिथला कारभार थेट काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखा. रस्ते काउंटीचे, पोलीस काउंटीचे, पार्कही काउंटीचं. कर आम्ही भरायचा आणि तो खर्च व्हायचा काउंटीच्या दक्षिण भागात, ही आमच्या भागातली कायमची तक्रार. काउंटीच्या या कारभारातून बाहेर पडून स्वतःचं शहर स्थापन करायचं, अशी मोहीम २००६ च्या सुमारास सुरू झाली आणि मी तिच्यात हिरिरीने उतरलो.

माझी बायको त्याच काउंटीच्या नोकरीत होती. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. तेव्हाही मी ते असंच मागे ठेवायचो.

पार्कातला कम्युनिटी हॉल ती सांभाळायची. बुकिंग, किल्ल्या, म्हाताऱ्यांचे व्यायामवर्ग, उन्हाळ्यातली मुलांची शिबिरं. पगार बेताचा होता, पण नोकरी कायम होती. अशा माणसाला काढायचं तर काउंटीला कारण द्यावं लागे आणि त्याचं म्हणणं समोर बसून ऐकून घ्यावं लागे. मला हे पक्कं माहीत होतं, कारण माझ्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. २००१ साली माझी नोकरी गेली तेव्हा सकाळी मला एका खोलीत बोलावलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी बॅज काढून घेतला. मी कारण विचारलं. समोरची बाई म्हणाली, "कारण द्यायची गरज नसते." जॉर्जियात खरंच नसते. पुढचं वर्षभर आमचं घर आणि सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स बायकोच्या त्या काउंटीच्या नोकरीवर चालला. आणि पाच वर्षांनी मी त्याच काउंटीला शिव्या देत दारोदार फिरत होतो.

मोहिमेच्या बैठका आमच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. माझा नागपूरचा एक मित्र त्यात सगळ्यात पुढे. माणूस दिलदार, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरची खिडकी हादरावी.

"काउंटीचे लोक काम करून राहिलेत का यार?" तो एकदा म्हणाला. "रस्त्यातला खड्डा बुजवायला चार जण येतात, तीन जण बघत उभे."

बायको पोह्यांचा ट्रे घेऊन जिना उतरत होती. "भाऊजी, काउंटीचे लोक पोहेपण करतात. चौथी मी."

सगळे हसले. मित्राने कान पकडले. "वहिनी, तुमची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी? पार्क शहराकडे गेलं की माझं काय होणार?"

उत्तर मी दिलं. "आहेत त्या लोकांना घेतीलच की."

"कोण घेणार?"

"शहर."

"शहर सगळं कंत्राटावर देणार, असं तूच मघाशी स्लाइड दाखवून सांगत होतास. मी जिन्यातून ऐकलंय."

मित्राने मध्ये तोंड घातलं. "वहिनी, आम्ही सगळे तसेच तर काम करून राहिलो. आम्हाला कोणाला आहे गॅरंटी? काम चांगलं असलं की कोणी काढत नाही."

माझं काम चांगलं असूनही मला काढलं होतं. हे मित्राला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, मला तर होतंच. तरी मी मान डोलावली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि ती वर गेली.

त्या मान डोलावण्याचा मी पुढे खूप विचार केला. रस्ते, कर, पोलीस यांबद्दल मी जे बोलत होतो ते मला पटलेलं होतं. पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. रविवारी संध्याकाळी मी ऑफिसचे ईमेल पुन्हा पुन्हा उघडून बघायचो, उद्या पुन्हा कुणी खोलीत बोलावेल म्हणून. ती मात्र निवांत इस्त्री करत बसलेली असायची. तिच्या त्या निवांतपणाचा मला हेवा वाटायचा. मला जे मिळालं नाही ते तिला का असावं, असं मी कधी शब्दांत म्हटलं नाही. पण मोहिमेत मी ज्या जोराने पडलो, त्यातला काही जोर तिथून आलेला होता.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी तिच्याच हॉलमध्ये बसायचा. त्या वर्षी मतदान गणपतीनंतर दोनेक महिन्यांनी होतं. तिने मला आधीच बजावलं होतं, "हॉलमध्ये मोहिमेचं काही नको. काउंटीच्या इमारतीत प्रचार चालत नाही. बाहेर रस्त्यावर काय वाटेल ते कर."

"नाही करणार," मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो होतो.

आमच्याकडे प्रसाद झिपलॉकच्या पिशवीतून देतात. खिरापत, एखादं फळ, बेसनाचा लाडू. आणि त्याच पिशवीत प्रायोजकांचे कागद. घरं विकणाऱ्या एजंटचं कार्ड, दाताच्या डॉक्टरांची जाहिरात, इंडियन ग्रोसरीचं कूपन. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पिशव्या आमच्या स्वयंपाकघरात भरल्या जात होत्या. बायको हॉलवर मखर लावून घेत होती. मित्राने मोहिमेच्या पत्रकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"हे पण टाकू ना. सगळे मराठी मतदार एका जागी कुठे मिळतात?"

"अरे, हॉलमध्ये प्रचार नको म्हटलंय तिने."

"प्रचार कुठे? भाषण थोडंच करून राहिलो आपण? लोक पिशवी घरी जाऊन उघडतात."

मला ते पटलं. दातांचा डॉक्टर चालतो तर शहर का चालू नये? मी स्वतःच्या हाताने पत्रकं घडी घालून लाडवांच्या खाली सरकवली.

सगळ्यांनी पिशव्या घरी जाऊन उघडल्या नाहीत. आरतीनंतर पलीकडच्या खोलीत व्यायामाला आलेले एक म्हातारे गृहस्थ दारात डोकावले. मंडळाच्या एका काकूंनी अगत्याने त्यांच्याही हातात प्रसाद ठेवला. त्यांनी तिथेच उभं राहून पिशवी उघडली, लाडू खाल्ला, तो आवडला असं सांगितलं आणि मग घडी उलगडली. ते नव्या शहराच्या विरोधातले निघाले. त्यांनी काउंटीत तक्रार केली.

पुढच्या आठवड्यात बायको भर दुपारी घरी आली. पर्स खांद्यावरच होती. "मला घरी बसायला सांगितलंय," ती म्हणाली. "हॉलमध्ये प्रचार होऊ दिला म्हणून. सुनावणी होईल. नोकरी जाऊ शकते."

मी लगेच म्हणालो, "मी सांगतो त्यांना. तुला माहीतच नव्हतं."

"पिशव्या कुठे भरल्या?"

"इथे."

"कोणाच्या घरात? हॉलची जबाबदारी कोणाची? मोहीम कोण चालवतं?" ती ओरडत नव्हती. "त्यांच्या जागी तू असतास तर विश्वास ठेवला असतास?"

आमची मुलगी तेव्हा हायस्कूलला होती. ती फ्रिजपाशी सगळं ऐकत होती. "डॅड, धिस इज ऑन यू," एवढंच म्हणून ती खोलीत निघून गेली. तिला रागवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

सुनावणीपर्यंतचे आठवडे फार वाईट गेले. बायकोने मसाल्याच्या सगळ्या बरण्या धुतल्या, मग कपाटं, मग गराज. फोन वाजला की तिचा हात थांबायचा. आम्ही दोघं भाजी, कचऱ्याची गाडी, मुलीची शाळा यापलीकडे बोलत नव्हतो. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ते नंतर. आधी तिथे येऊन काय बोलणार आहेस ते सांग."

"खरं तेच."

"सगळं?"

"सगळं."

मित्राला हे कळलं तसा तो धावत आला. आम्ही ड्राइव्हवेमध्येच बोललो.

"तू तिथे कबूल करशील तर पेपरात येईल यार. देवाच्या नावावर प्रचार केला म्हणतील. मतदान तोंडावर आलंय. वहिनींना काय, एक वॉर्निंग मिळेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर नव्या शहरात आपली माणसं येतीलच की. लावून देऊ कुठेतरी."

"लावून देऊ," मी म्हणालो. माझी नोकरी गेली त्या वर्षी हाच शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि लाचारीने हसून आभार मानले होते. मित्राचा हेतू वाईट नव्हता. त्याला खरंच मदत करायची होती. पण बायकोला कुणाच्या मेहरबानीने नोकरीला लागायचं नव्हतं. ती तिच्या जागेवर आधीपासून होतीच.

सुनावणीची खोली साधी होती. एक लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. बायकोच्या शेजारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची एक बाई बसली होती. बायको दरवर्षी संघटनेची वर्गणी भरायची, आणि तिचा काय उपयोग असं मी दरवर्षी विचारायचो. आधी तक्रार वाचून दाखवली. मग मला बोलावलं. मी सांगितलं की पत्रकं मी टाकली, हिने नको म्हटलेलं असताना टाकली, आणि प्रसादाच्या पिशवीत जाहिरात घालायची आमची पद्धत असल्यामुळे त्यात काही चूक आहे हे मला उमगलं नाही. मधल्या माणसाने विचारलं, "तुम्हाला नियम माहीत होता?" मी म्हणालो, "हो." कुणीतरी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी बायकोपुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि विचारलं, "तुम्हाला काय सांगायचं आहे?"

तिने सांगितलं. सावकाश, मध्ये थांबून, तिच्या त्या इंग्रजीत, ज्याच्यावर मी घरी कधीकधी हसायचो. पिशव्या वाटण्याआधी आपण तपासायला हव्या होत्या, हेही तिने कबूल केलं. ती थांबली तेव्हा ते तिघंही थांबले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी भिंतीपाशी बसून ऐकत होतो, आणि मला २००१ ची ती खोली आठवत होती. तिथे मला काय सांगायचं आहे हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित मी काही बोललोही नसतो. पण निदान विचारलं तरी असतं.

तिला लेखी ताकीद मिळाली आणि ती कामावर परत गेली. गाडीत बसल्यावर ती रडली. मी गाडी सुरू केली नाही.

थोड्याच दिवसांनी मतदान झालं. मी मोहिमेतून बाहेर पडलो होतो, पण कुणाला कारण सांगितलं नव्हतं. मतदानाच्या पडद्याआड मी 'शहर नको' या बाजूला खूण केली आणि बाहेर आलो. शहर मोठ्या फरकाने मंजूर झालं. आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्या घरांनी होकार दिला होता. त्या घरांच्या दारांत उभं राहून त्यांना मीच पटवलं होतं. मोहिमेतल्यांपैकी विरोधात गेलं ते माझं एकट्याचं मत. ज्यांच्या दारी मी गेलो होतो, त्यांच्या दारी पुन्हा जाऊन हे सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

पार्क शहराकडे गेलं आणि शहराने ते कंत्राटदाराला दिलं. कंत्राटदाराने बायकोला तेच टेबल, तेच काम, तोच पगार देऊ केला. मित्र आनंदाने म्हणाला, "बघा वहिनी, म्हटलं होतं ना!" तिने कंत्राटदाराच्या माणसाला एकच प्रश्न विचारला, "उद्या माझी तक्रार आली तर माझं म्हणणं कोण ऐकेल?" तो हसून म्हणाला, "माझं दार सगळ्यांना उघडं आहे."

तिने काउंटीत बदली मागून घेतली. विमानतळाच्याही पुढे, दक्षिणेला, ज्या भागाला आम्ही बैठकीत नावं ठेवायचो तिथल्या हॉलवर. घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी सोडून ती पहाटे ट्रॅफिकच्या आधी निघू लागली. मी डबा भरून द्यायचो. थंडीत तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचो. त्याने काही फिटत नव्हतं, आणि ती तसं दाखवतही नव्हती.

पुढच्या वर्षीचा गणपती त्याच जुन्या हॉलमध्ये बसला. टेबलापाशी आता कंत्राटदाराची एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. बायकोच्या काळात ठरलेली वेळ झाली की दिवे निम्मे विझायचे आणि "चला, आवरा" असा आवाज यायचा. त्या दिवशी वेळ उलटून गेली तरी गाणी चालूच होती. मित्राने त्या बाईला विचारलं, "थोडा वेळ आणखी चालेल ना?" ती म्हणाली, "नो प्रॉब्लेम." आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. कुणीतरी तिची वाट पाहत असणार.

"बघ, किती कोऑपरेटिव्ह आहेत आता," मित्र मला म्हणाला. "वहिनी तर हाकलून द्यायच्या."

"त्या बाईला नाही म्हणता येत नाहीये," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी सांगायला लागलो. त्या बाईला नाही म्हणायची भीती का वाटते, आणि ती भीती तिला देण्यात माझा हात कसा आहे, असं सगळं. झांजांच्या आवाजात त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे, पण तो पहिल्यांदाच मध्ये न बोलता उभा राहिला.

तेवढ्यात दिवे निम्मे विझले. बायको बटणांपाशी उभी होती. जरीची साडी, हातात प्रसादाची पिशवी. पिशवीत लाडू आणि खिरापत, दुसरं काही नाही. तिला त्या हॉलमध्ये आता कसलाही अधिकार नव्हता.

"चला, आवरा," ती म्हणाली, आणि खुर्च्या घडी घालायला लागली. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली.