सरळ केलेली शिडी

रंगारी म्हणून दादाचं नाव होतं. छत आणि भिंत जिथं मिळतात तिथं टेप न लावता असा पट्टा ओढायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत. आणि त्याचा धाकटा भाऊ? त्याचा हात जन्मापासून थरथरायचा. बोटं मिटायची नाहीत, म्हणून ब्रश मनगटाला फडक्यानं बांधायला लागायचा. पण पठ्ठ्या चित्रकार! दादाच्या डब्यांत तळाला उरलेला ऑइलपेंट घेऊन खिडकीशी बसला की जेवणाचीसुद्धा शुद्ध नसायची.

धाकट्याचं बोलणं फक्त घरच्यांना कळायचं. बाहेर त्याच्या वतीनं दादा बोलायचा, आणि त्यातही आपला हात फिरवायचा. धाकटा डॉक्टरांपुढे म्हणाला, "या टोणग्याला काही कळत नाही," तर दादा सांगणार, "आता बरं वाटतंय म्हणतोय." वहिनीला हसू आवरता आवरायचं नाही.

चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा धाकट्याचं एक चित्र वाचनालयाच्या प्रदर्शनात घेतलं. चित्रात दादाच होता, शिडीवर चढून समोरची भिंत रंगवणारा. "अगदी तुमच्यासारखं जमलंय हो, पोट पुढे काढून!" वहिनी म्हणाली. दादाला पोट दिसलंच नाही, शिडी तेवढी दिसली. ओल्या सुतळीसारखी वाकडीतिकडी. लोक काय म्हणतील? बिचारा, म्हणतील. एवढा नावाजलेला रंगारी भाऊ आणि याला शिडी धड येत नाही, म्हणतील.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी धाकट्याला आंघोळीला घेऊन गेली आणि दादानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. रंग अजून ओलाच होता. पाच मिनिटांत जुनी शिडी पुसली, नवी ओढली, आणि "मी पुढे नेऊन देतो" म्हणत चित्र घेऊन सटकलाही. काय म्हणावं या माणसाला! इतकी वर्षं भावाला घास भरवले, त्याची पाठ चोळली, आणि एवढं कळू नये?

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी कामात अडकली, म्हणून दादानंच धाकट्याची चाकांची खुर्ची हॉलमध्ये चित्रासमोर आणली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

वाचनालयाच्या बाई कौतुकानं पुढे आल्या. "चित्र छानच आहे हो, पण ही शिडी! असा हात असून इतकी सरळ कशी जमवलीत?"

धाकटा बोलला. दादाला शब्द न् शब्द कळला. त्याची कानशिलं तापली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"म्हणतोय... तीन आठवडे लागले."

टाळ्या पडल्या. धाकट्यानं पुन्हा सुरुवात केली, या वेळी थेट बाईंकडे बघून. मान वळली, गळ्याच्या शिरा ताणल्या, लाळ शर्टावर ओघळली, तरी गडी थांबेना. धरणीनं पोटात घ्यावं असं दादाला झालं. बाई वाकून ऐकत होत्या. त्यांना एकच शब्द लागला.

"'दादा' म्हणाले ना? तुमचे आभार मानताहेत वाटतं!"

सगळे हसले, अगदी मायेनं. ते हसू मात्र दादाला सोसवेना.

"आभार नाही मानत," तो म्हणाला. "ही शिडी त्याची नाही, म्हणतोय. खरंच नाही. त्याची मी काल पुसून टाकली. आणि म्हणतोय, दादाला माझी लाज वाटते."

वाटतच होती लाज. लहानपणापासून वाटत होती, आणि आजवर काळजीच्या नावाखाली खपून गेली होती. दादाला मान वर करवेना.

बाई धाकट्याकडे वळल्या. "असं म्हणालात तुम्ही?"

धाकट्यानं होकारार्थी मान हलवली. मग दादाकडे बघून अगदी हळू, न रागावता तो म्हणाला, "बरोबर सांगितलंस."

ते एकट्या दादालाच कळलं. धाकटा काय म्हणाला, हे या वेळी दादाला कुणी विचारलं नाही.