सावंतकाकांच्या टाकीची काच

रंगीत माशांचं दुकान काढलं की मासे साठतील असं वाटतं. साठतात ते किस्से! मासे आपले विकले जातात, नाहीतर मरतात. रत्नागिरीत माझं आणि माझ्या नवऱ्याचं, सुहासचं, असं दुकान आहे. त्यातले निम्मे किस्से आमच्या शेजारच्या सावंतकाकांच्या टाकीचे.

रिटायर झाल्यापासून काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले, टाकीच्या शेजारी काकू भाजी निवडत. पण काच इतकी धुरकट, की आत मासे आहेत हे विश्वासावरच घ्यायचं. शेवटी काकूंनी जाहीर केलं, "गणपतीपर्यंत काच लख्ख झाली तर ठीक. नाहीतर टाकी पडवीत!"

पडवीत मांजरं. काका हादरलेच.

*

पहिला प्रयत्न त्यांनी एकट्याने केला. टाकी रिकामी केली, चुलीतली राख घेतली आणि नारळाच्या सोडणाने काच खसाखसा घासली. आतून, बाहेरून! मग मला फोन. "अगो, आधी नुसती धुरकट होती, आता रेघाही आल्यात."

"काका, राखेने?"

"कढया निघतात की!"

*

रेघा राहिल्या बाजूला, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तसेच. मी दुकानात गडबडीत होते. म्हटलं, "काहीतरी आंबट लावा, काका." माझ्या मनात व्हिनेगर. त्यांच्या मनात कोकमाचं आगळ!

डाग गेले, पण काच गुलाबी झाली आणि तिच्यावर चिलटांचा थवा. काकूंचा फोन मलाच आला. "वर्षभराचं आगळ होतं ते. आता सोलकढी टाकीतून वाढू का?"

*

शेवटी सुहास ड्रिल, फेल्टचं पॅड आणि काच-पॉलिशची पावडर घेऊन निघाला. मीही गेले. हात शिवशिवत होते, म्हणून ड्रिल मीच घेतलं. पावडर सतत ओली ठेवायची असते, हे मला गिऱ्हाइकांना फार छान समजावता येतं. इथे काच तापायला लागली तेव्हा आठवलं.

"काच आहे ती!" सुहास ओरडला. "इस्त्री करतेयस काय?"

मग मला पाणी शिंपडायचं काम मिळालं. त्यात मी एक्सपर्ट आहे.

*

पॉलिश होईतोवर मासे कुठे ठेवायचे? काकांनी स्वयंपाकघरातून एक ऐसपैस, झाकणाचं भांडं आणलं. चार गोल्डफिश त्यात मजेत फिरत होते. काकूंनी झाकण उचललं. मोदकपात्र! तेही गणपती तोंडावर आलेले असताना!

"अहो, यंदा बाप्पाला मोदक करायचे की कालवण?"

काका म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे गो!"

*

संध्याकाळपर्यंत काच लख्ख निघाली. एकच रेघ राहिली, नखाला लागणारी. इतकी खोल रेघ पॉलिशने जात नाही. आम्ही मासे परत सोडले, टाकीतला दिवा लावला.

काकू पदराला हात पुसत आल्या. शाळेत इन्स्पेक्शन असल्यासारखे काका उभे. काकूंनी वाकून काच बघितली, त्या रेघेवरून नख फिरवलं.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या.

काका मटकन खुर्चीत बसले आणि लगेच माशांकडे बघायला लागले.

काकू सुहासकडे वळल्या. "मशीन अजून गुंडाळलं नाहीस ना? मग ह्यांच्या चष्म्याचीही काच करून दे. माशांच्या शेजारी रोज कोण बसतं, ते तरी दिसेल!"