टेम्पोचं तोंड आणि हिरकणीची मान

झाई गावात अण्णांच्या चिकूवाडीच्या फाटकाशी एक जुनी पांढरी गाडी उभी असायची. अण्णांच्या मते तिच्यानंतर जगात गाडी म्हणावी असं काही तयार झालंच नव्हतं. रस्त्याने नवी गाडी गेली की ते म्हणत, "चालला डबा." कुणी पाहुणा नव्या गाडीतून आला, तर चहा येण्याआधी ते तिचं बॉनेट अंगठ्याने दाबून बघत. पत्रा जरा लवला की पाहुण्याकडे असं पाहत, जणू त्याने पोरगी भलत्याच घरात दिली होती.

त्यांची बायको हिरकणी लग्न झाल्यापासून हे बघत होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. नवऱ्यातलं बरंच कळत होतं, त्यामुळे ती बोलत नसे. दिवसभर ती वाडीच्या पडवीत बसून चिकू निवडायची. खाली मान घालून, प्रत्येक फळ बोटांनी किंचित दाबून, पिकायला आलेलं एकीकडे, कच्चं दुसरीकडे. तिच्या पेटीत नासकं फळ निघालं असं डहाणूच्या व्यापाऱ्याने कधी म्हटलं नाही. अण्णा ही कीर्ती वाडीच्या मातीला देत.

गाडी मुळात दणकट होतीच, तरी अण्णांनी सरावलीच्या वेल्डरकडून मागच्या बाजूला मनगटाएवढा जाड लोखंडी पाईप थेट सांगाड्याला जोडून घेतला. "आता मागून हत्ती आला तरी हत्तीच लंगडेल," असं ते सांगत. पुढची सीट एकसंध, बाकड्यासारखी. तिची पाठ जेमतेम खांद्यापर्यंत यायची. मुलगा प्रितेश एकदा वापीहून डोकं टेकायच्या दोन उशा घेऊन आला, सीटला बसवू म्हणाला.

"डोकं टेकायला मी काय दाढीला बसलोय?" अण्णा म्हणाले. उशा माळ्यावर गेल्या.

२०१६च्या चैत्रात नवराबायको महालक्ष्मीच्या जत्रेला निघाले. तलासरीवरून हायवेला लागले. मंदिराचं वळण जवळ आलं तशी रांग लागली आणि गाड्या थांबल्या. हिरकणीच्या मांडीवर ओटीचं ताट होतं. ती मान वळवून रस्त्याकडेच्या बांगड्यांच्या दुकानाकडे बघत होती. अण्णांना आरशात मागून येणारा टेम्पो दिसला. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पाय रोवले. बायकोला सांगायचं त्यांना सुचलं नाही.

टेम्पो आदळला. गाडी होती तशी पुढे ढकलली गेली. हिरकणीचं डोकं सीटच्या पाठीवरून मागे फेकलं गेलं आणि तसंच पुढे आलं. नारळ पायाशी पडला.

अण्णा खाली उतरले, ते सरळ मागे गेले. टेम्पोची काच फुटली होती, पुढचा भाग आत गेला होता, खालून पाणी गळत होतं. टेम्पोत कुणाला फारसं लागलं नव्हतं. पांढऱ्या गाडीच्या पाईपवर टेम्पोचा निळा रंग तेवढा लागला होता. अण्णांनी तो रुमालाने पुसला. मग जमलेल्या लोकांना त्यांनी पाईप दाखवला, डिकीवर थाप मारून दाखवली, टेम्पोवाल्याला बोलावून त्यालाही दाखवलं.

"अहो," हिरकणी आतून म्हणाली, "मला मान हलवता येत नाहीये."

"घाबरलीस तू. गाडीला ओरखडा नाही आणि तुला काय होणार?"

दर्शनाच्या रांगेत ती एका हाताने हनुवटी धरून उभी राहिली. दुसऱ्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. त्या हातातलं ताट तिच्या पुढच्या अनोळखी बाईने घेतलं. अण्णा मागच्या माणसाला टेम्पोचं तोंड कसं फुटलं ते सांगत होते.

पुढचे आठ दिवस लोक घरी आले, ते गाडी बघायला. हिरकणीने त्यांना एका हाताने चहा दिला.

शेवटी प्रितेश तिला डहाणूला डॉक्टरकडे घेऊन गेला. अण्णाही आले, पण गाडीपाशी थांबले. डॉक्टरने फोटो काढला, गळ्याला पट्टा बांधला, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "गाडी चेपली असती तर तुम्हाला इतकं लागलं नसतं. धक्का कुणीतरी खायचाच. पत्र्याने खाल्ला नाही, तो तुमच्यापर्यंत आला. मागे डोक्याला टेकू असता तरी निभावलं असतं."

हे प्रितेशने बाहेर येऊन वडिलांना सांगितलं. अण्णांनी पट्ट्याकडे पाहिलं. "हा गावात बांधून फिरणार आहेस? लोकांना वाटेल, माझ्या गाडीत लागलं."

"गाडीतच लागलंय," हिरकणी म्हणाली.

"न्हाणीत घसरले म्हण. काय फरक पडतो?"

हिरकणीने तसं सांगितलं. भांडायला मान हलवावी लागते, आणि तिची हलत नव्हती. बायका तिला न्हाणीतली फरशी घासून घ्यायला सांगून गेल्या. पट्टा सुटला तरी मुंग्या गेल्या नाहीत. चिकू दाबल्यावर पिकलं की कच्चं, ते उजव्या हाताला समजेना. डहाणूहून नासक्या फळांची तक्रार आली. अण्णा म्हणाले, यंदा माती उतरली.

दिवाळी झाली आणि सून मयुराला सातवा लागला. ओटी भरून तिला बाळंतपणासाठी तलासरीला माहेरी पाठवायचं होतं. तिचा भाऊ प्रविण आपली छोटी नवी गाडी घेऊन आला. अंगणात बायका जमल्या होत्या. अण्णांनी जाऊन बॉनेटवर अंगठा दाबला.

"प्रविण, ह्याच्यातून नेणार तू तिला? दोन जिवांची आहे ती."

"अण्णा, गाडी चांगली आहे."

"पापड आहे पापड! हायवेला मागून कुणी ठोकलं तर पोरीला पत्र्यातून सोलून काढावं लागेल. ती माझ्या गाडीतून जाईल. पुढे बस गं मयुरा, माझ्या बाजूला."

मयुराने सासूकडे पाहिलं. प्रितेशने चपलांकडे. अण्णांनी पांढऱ्या गाडीचं दार उघडून धरलं, आणि मयुरा सवयीने दोन पावलं तिकडे गेलीसुद्धा.

"थांब," हिरकणी म्हणाली. मान वळत नसल्यामुळे ती सबंध अंगाने नवऱ्याकडे वळली. "त्या जागेवर मी बसले होते. मागून ठोकलंच होतं. मी न्हाणीत पडले नव्हते, बायांनो. जत्रेच्या दिवशी ह्यांच्या गाडीत माझी मान गेली, आणि हे बाहेर पाईप पुसत होते."

मग एक म्हातारी म्हणाली, "अगोबाई, आणि मी उगाच फरशीला नावं ठेवली."

अण्णा म्हणाले, "टेम्पोची काय दशा झाली ते विचारा हिला."

"टेम्पो दुरुस्त झाला असेल," हिरकणी म्हणाली. "मयुरा, भावाच्या गाडीत बस. मागे डोकं टेकून बस."

मयुरा बसली. प्रविणने तिचा पट्टा लावला आणि गाडी फाटकाबाहेर गेली. दार धरून उभ्या असलेल्या अण्णांना काहीतरी करणं भाग होतं. "मग लाडू तरी माझ्या गाडीत ठेवा," ते म्हणाले. लाडवांचे डबे मागच्या सीटवर ठेवले गेले. पुढे बसायला कुणीच आलं नाही, प्रितेशही नाही. अण्णा एकटे निघाले.

ते तलासरीला पोचले तेव्हा मयुराला येऊन बराच वेळ झाला होता. व्याही ओट्यावर बसले होते. अण्णा पाणी पिऊन बसले आणि सवयीप्रमाणे सुरू झाले, "जत्रेच्या वेळी एक टेम्पो मागून आला…"

"हो, कळलं," व्याही म्हणाले. "विहीणबाईंची मान आता कशी आहे?"

अण्णा उठले आणि लाडवांचे डबे उतरवायला गेले.